चादरीमागचं घर

विजयमालाबाईंना जाऊन महिना झाला, तरी भिंतीवर लावायला त्यांचा एक धड फोटो सापडेना. आधार कार्डावरचा होता, पण त्यात त्या कुणीही असू शकल्या असत्या. त्यांच्या नवऱ्याने, जोतिरामनी, तिन्ही मुलांकडे आईचा फोटो मागितला. तिघांनीही लहानपणी घरात काढलेला एकच फोटो पाठवला. त्यात तिघंही छान दिसतात.

सोलापुरातल्या स्टुडिओवाल्याने तो संगणकावर मोठा केला. ओळीत बसलेली तीन मुलं, मागे मोराची चादर.

"काका, चादरीच्या वरच्या काठावर कुणाची तरी बोटं आलीत. खोडून टाकतो, फोटो स्वच्छ दिसंल."

"हिची हायती ती," जोतिराम म्हणाले. "चूल, दोरीवरली कापडं, फुटकी पेटी, घरातलं कायबी फोटूत दिसाय नको म्हनायची. मातीच्या भितीत खिळा ठरत न्हवता. मग हीच मागनं चादर धरून हुबी ऱ्हायची. दर फोटूला."

स्टुडिओवाल्याने माऊसवरचा हात काढला.

"मग काय करू, काका?"

"बोटं ऱ्हाऊ दे. पोरं खोड."