कुणी नसताना

शिरीष फोनवर बोलतच मागच्या खोलीत आला. टेबलावरचा चार्जर काढून त्याने सॉकेटचं बटण बंद केलं. जाता जाता त्याचा हात सवयीने भिंतीवर फिरला. ट्यूब विझली. पंखा मंदावत मंदावत थांबला.

कॉटवर त्याचे वडील, दिगंबरराव, अंधारात तसेच राहिले. अर्धांगवायूने उजवी बाजू गेल्यापासून त्यांना खाली उतरता येत नव्हतं.

खोलीत कुणी नसेल तर सगळं बंद, हा घरातला नियम त्यांचाच. चालू राहिलेल्या एका पंख्यासाठी त्यांनी लहानग्या शिरीषला बसस्टॉपवरून घरी पिटाळलं होतं. बस गेली, शाळेची सहल गेली. पोरगं दिवसभर पायरीवर बसून राहिलं. "आता जन्मात विसरायचा नाही," ते बायकोला समाधानाने म्हणाले होते.

मानेवरून घामाची धार उतरली. हाक मारायला त्यांनी तोंड उघडलं, तेवढ्यात बाहेरून सुनेचा आवाज आला, "मागचं सगळं बंद केलंस ना? बिल केवढं आलंय बघितलंस?"

"केलं ना," शिरीष म्हणाला. "खोलीत कुणी नसताना मी कधी पंखा चालू ठेवलाय का?"

दिगंबररावांनी उघडलेलं तोंड तसंच मिटून घेतलं.