कॉलेजचं मनगट

बाळाला उचलून उचलून माझं मनगट अंगठ्याच्या बाजूनं सुजलं. जळगावच्या डॉक्टरांनी फळी बांधली. "सूज म्हणजे शिरेची दुरुस्ती चालू आहे, मध्ये लुडबुड नको. एकवीस दिवस बाळ उचलायचं नाही." तेवढ्या दिवसांत बाळ मला विसरेल का, असं मी दोनदा विचारलं. ते म्हणाले, "बाई, आपण शिरेपुरतं बोलू."

घरी अक्कांनी, माझ्या सासूबाईंनी, बाळ कडेवर घेतलं. "कालेजनं मनगट शे ते. माले सात पोरं व्हयनात, मन्हं कधी सुजनं नही."

मी भिंतीवर रोज एक रेघ ओढत होते. बाळ त्यांच्या कडेवरून माझ्याकडे पाहुण्या बाईकडे बघावं तसं बघत होतं.

बाविसाव्या दिवशी मी दोन्ही हात पुढे केले. "आणा अक्का, आता मी घेते."

त्या मागं सरकल्या. "आखो आठ दिन जाऊ दे. सूज परत येस."

तेवढ्यात त्यांचा हातावर ओढलेला पदर घसरला. मनगट पुरीसारखं फुगलेलं, वर केळीचं सोपट आवळून बांधलेलं.

"अक्का, अहो, तुमचंच सुजलंय. द्या ते बाळ इकडे."

"दुसरा हात शे ना. डाक्तरले सांगू नको."

"आणि सात पोरांत कधी सुजलं नाही म्हणत होतात?"

त्यांनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं. "कसं सुजी? मी बठ्ठा दिन वावरमा, नि सातही पोरं मन्ही सासूना कडेवर. हाई पहिलंच पोर माले भेटनं."