नऊ सेकंदांची खिडकी

जुन्या रिळाचा पत्र्याचा डबा. झाकण उघडलं की आंबूस वास.

"दाणेवाली आली रे, पाखरं सोडा!" ऑफिसातली रोजची हाक.

तिच्या चष्म्याचा नंबर पुन्हा अर्ध्याने वाढला.

बाबांची गोळी सकाळी एक, जेवणानंतर अर्धी.

फिल्मच्या दोनशे सोळा चौकटी. म्हणजे नऊ सेकंद.

"शेवटचं विचारतो," साहेब म्हणाले. "ही वाळू चित्रातून कधी जाणार?"

तिने खुर्ची त्यांच्याकडे वळवली. जुने चित्रपट डिस्कवर येण्याआधी दुरुस्त करायचे, हे तिचं काम. बावीस वर्षं तेच. ओरखडे काढायचे, डाग काढायचे; पण फिल्मचा दाणा काढायचा नाही, यावर ती अडून बसायची. म्हणून ऑफिसने तिला दाणेवाली करून टाकलं होतं.

"वाळू नाही ती, साहेब. चित्र त्या दाण्यांचंच बनलंय. दाणा काढला की माणसं मेणाची होतात."

"होऊ देत. भिंतीएवढा टीव्ही घेणारा माणूस मुंग्या बघायला घेत नाही. मागच्या डिस्कच्या तक्रारी वाचल्यास?"

"वाचल्या. उत्तरंही मीच लिहिली."

"म्हणूनच वाढल्या."

एरवी ती हसली असती.

साहेबांना सफाईचा प्रोग्राम अख्ख्या चित्रपटावर फिरवून हवा होता. तो मागची-पुढची चौकट ताडून बघायचा. चौकटीमागून चौकट जे टिकतं ते चित्र. टिकत नाही तो कचरा. रिळं इतकी चिकटली होती की पुन्हा स्कॅन होणार नव्हती. आणि तयार प्रत मंजूर झाली की कच्चा स्कॅन पुसायचा, हा ऑफिसचा नियम. राहील ते शेवटचं.

तिने एक दृश्य लावलं. नायक गल्लीतून निघून जातो, कॅमेरा मागे राहतो.

"वरची खिडकी बघा. बाई दिसते? मान जरा डावीकडे. कपाळ, भांग."

साहेब पुढे वाकले. "थांबव जरा."

"थांबवलं की नाही दिसत. चालू असतानाच दिसते."

"कोण आहे?"

"माझी आई."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

ती दोन वर्षांची असताना आई गेली. घरातला एकुलता एक फोटो बिऱ्हाड बदलताना हरवला. बाबा या चित्रपटावर लाइटमन होते. सातव्या वर्षी तिने आई कशी दिसायची म्हणून फारच जीव खाल्ला, तेव्हा ते म्हणाले होते, "पिक्चरमध्ये आहे ना ती. खिडकीत. मीच उभी केली होती." पुढे टीव्हीवर तो चित्रपट दोनदा लागला. दोन्ही वेळा खिडकीत नुसता धब्बा होता. या धंद्यात ती आली ती त्या धब्ब्यापायी.

"आणि सफाई केल्यावर?" साहेबांनी विचारलं.

तिने बटण दाबलं. खिडकी स्वच्छ, काळीभोर झाली.

"त्याला तिथे काहीच सापडत नाही," ती म्हणाली. "मशीनला काय कळतंय, डोंबल!"

साहेब उठले. दारापर्यंत गेले आणि वळले.

"हे नऊ सेकंद तुझे. बाकीचे दोन तास माझे, गुळगुळीत. आणि चित्र मुळाबरहुकूम आहे म्हणून कागदावर सही तुझी."

तिने सफाई मागे घेतली, खिडकी पुन्हा लावली.

"कुठे करू सही?"

पुढचे तीन आठवडे ती रोज एक रीळ घासत होती. म्हाताऱ्याच्या सुरकुत्या गेल्या. स्वेटरची वीण गेली. धुकं इस्त्री केल्यासारखं सपाट झालं. नायिका विशीत होतीच, आता तिला वयच उरलं नाही. एक-दोनदा तिला वाटलं, थांबावं. मग ती खिडकी लावून बघायची आणि पुढचं रीळ घ्यायची.

रविवारी दुपारी तिने डिस्क घरी आणली. बाबा टीव्हीला नाक लावून बसले.

"हे काय गं?" दहा मिनिटांतच ते म्हणाले. "या हिरॉइनच्या गालावर सावली यावी म्हणून मी दिव्यासमोर जाळी धरली होती. दोन तास, हात वर करून. ती सावली कुठे गेली?"

"गेली, बाबा."

"तू तिथे असताना?"

"मीच घालवली." तिने सौदा सांगितला. "सगळं देऊन खिडकी घेतली."

बाबा गुडघा चोळत राहिले.

"मूळ असेल ना कुठेतरी?"

"शुक्रवारी पुसलं."

मेणाची माणसं आली, बोलली, रडली. मग गल्ली आली आणि चित्र एकदम उकळी फुटल्यासारखं सळसळलं. नऊ सेकंद. पुन्हा मेण.

"दिसली?"

तिने मागे नेऊन परत लावलं.

"बाबा, दिसली का?"

त्यांनी तिचा हात हातात घेतला. तो गार होता.

"दिसली," ते म्हणाले. "तीच. मान अशीच करायची ती."

तिने डोकं त्यांच्या खांद्यावर टेकलं. कितीतरी वर्षांनी डोळे मिटावेसे वाटले, पण मिटले नाहीत. तिने तिसऱ्यांदा मागे नेलं.

चित्रीकरणाच्या दिवशी काचेवर उजेड चमकू नये म्हणून त्या खिडकीला आतून काळा पुठ्ठा ठोकला होता. ठोकला होता तो बाबांनीच.