ऑड्रीच्या गोळ्या

“पुन्हा आठवडाभर आधीच, क्लिफर्ड? मागच्या खेपेलाही हेच केलंत.”

दवाखान्याच्या काउंटरमागून ग्वेनने हे सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं. क्लिफर्ड होल्डनने बायकोच्या नेहमीच्या गोळ्यांची चिठ्ठी तिच्यापुढे सरकवली होती. हव्या त्या औषधापुढे खूण करून चिठ्ठी द्यायची आणि दोन दिवसांनी समोरच्या औषधांच्या दुकानातून पिशवी घेऊन जायची, एवढंच काम.

“ऑड्रीचा गुडघा फार ठणकतोय,” तो म्हणाला.

“असेल. पण या काही पेपरमिंटच्या गोळ्या नाहीत. माणसाला सवय लागते यांची.”

मागे रांग होती. तिच्यात क्रिकेट क्लबचा बर्नार्ड होता. “ग्वेन, त्याच्याशी कशाला हुज्जत घालतेस? शनिवारी या पंचाने मला पायचीत दिलं आणि तेसुद्धा खरं होतं. हा माणूस खोटं बोलूच शकत नाही. मी प्रयत्न करून पाहिलाय.”

रांग हसली. क्लिफर्डही हसला. त्याचे कान तापले होते.

ग्वेनने आवाज खाली आणला. “तुमच्याबद्दल नाही हो बोलत मी. ऑड्रीवर जरा लक्ष ठेवा. चांगली चांगली माणसं यात अडकलेली पाहिलीत मी.”

“ठेवतो,” तो म्हणाला. त्या एका शब्दाने आपण सगळा संशय बायकोवर ढकलला, हे त्याला बाहेर पडता पडताच कळलं. तरी तो मागे फिरला नाही.

गोळ्या तो स्वतः घेत होता.

उमेदीची सारी वर्षं त्याने यॉर्कशरमधल्या त्या गावातल्या घरांची छपरं दुरुस्त केली. एकदा तो शिडीवरून पडला. पाठीसाठी याच गोळ्या मिळाल्या. पाठ बरी झाली, गोळ्या सुटल्या नाहीत. शेवटी जुन्या डॉक्टरांनी त्या बंद केल्या तेव्हा त्याने कसाबसा तग धरला. मग ऑड्रीच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि तीच खोकी घरात आली. पहिली गोळी त्याने पाठ अवघडली म्हणून घेतली. दुसरीला कारण लागलं नाही.

आता गोळी चुकली की दुपारपर्यंत त्याचे हात थरथरत, पोटात कालवाकालव होई. ऑड्री मात्र कधी गोळ्या मोजत नसे. डबी खिडकीत ठेवून ती बागेत निघून जाई. जिना चढताना कण्हत असे, मधेच थांबून कठडा धरत असे. खाली उभा राहून तो ते कण्हणं ऐके. तिच्या तोंडचा घास आपण काढून घेतोय असं त्याला वाटे, आणि तरीही त्याचा हात त्या डबीकडे जाई.

या वेळी गोळ्या आल्या नाहीत. दवाखान्यातून फोन आला. आधी डॉक्टरांना ऑड्रीला भेटायचं होतं.

डॉक्टर ओकाफोर तरुण होत्या, बोलायला मऊ. त्यांनी ऑड्रीचा गुडघा दोन्ही हातांत धरून वाकवला. ऑड्री इतक्या जोरात कळवळली की क्लिफर्डने डोळे मिटून घेतले.

“वाकतोय तर छान,” डॉक्टर म्हणाल्या. “इतकं दुखायला नको खरं तर. मिसेस होल्डन, रागावू नका, पण सांगितल्यापेक्षा जास्त गोळ्या घेता का तुम्ही?”

क्लिफर्डने तोंड उघडलं. आणि पुन्हा मिटलं.

“घेते,” ऑड्री म्हणाली. “चूक झाली. पण एकदम बंद करू नका, डॉक्टर. हात जोडते. मला सहन नाही होणार.”

ही बाई चाळीस वर्षं शाळेत शिकवत होती. अर्ध्या गावाला पाढे तिने शिकवले होते. आणि ती एका पोरसवदा डॉक्टरपुढे हात जोडत होती, तेही त्याच्या पापासाठी. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करायचं ठरवलं. ती दोघं निघताना ऑड्रीच्या खांद्यावर हात ठेवून त्या म्हणाल्या, “लाज वाटून घेऊ नका. कबूल करायलाही धैर्य लागतं.”

गाडीत बसल्यावर क्लिफर्डने किल्ली लावली, पण फिरवली नाही.

“ऑड्री, तुझ्या गोळ्या मी घेतो.” एकदा सुरुवात झाल्यावर त्याला थांबता येईना. “जवळजवळ सगळ्या मीच घेतो. सुरुवातीपासून. ग्वेनने तुझ्यावर ठपका ठेवला, मी ऐकून घेतलं. आत्ता तू माझ्या डोळ्यांदेखत डॉक्टरांपुढे हात जोडलेस, तरी मी गप्प बसलो. मी परत आत जातो. त्यांना सगळं सांगतो.”

त्याने दाराला हात घातला. ऑड्रीने त्याची बाही धरली.

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

त्याला वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. “काय माहीत आहे?”

“गोळ्यांचं. पहिल्यापासून.”

“आणि बोलली नाहीस? मी तुझं औषध चोरत होतो आणि तू एवढ्या वेदना सोसत बसलीस?” तो आता रडत होता. “कशाला, ऑड्री? कशाला सोसलंस?”

ऑड्रीने मान खाली घातली.

“सोसलं कुठे?” ती म्हणाली. “माझा गुडघा तर ऑपरेशननंतरच्या वसंतातच बरा झाला. पण तसं सांगितलं असतं, तर गोळ्या बंद झाल्या असत्या ना रे तुझ्या.”