दुसरी चौकशी

"चौकशीला माणूस आला, तेव्हा तुम्ही काय सांगितलंत, काका?" भार्गवीने विचारलं.

देवरामांनी खुर्ची खिडकीपासून आत ओढली. रेल्वेतून निवृत्त होऊन त्यांनी जयपूरच्या सोडाला भागात घर घेतलं, पण शेजार सगळा रेल्वेचाच होता. भार्गवी समाजशास्त्रात संशोधन करत होती. जन्माच्या दाखल्यावर लिंग एक लिहिलंय आणि आपण दुसरेच आहोत, असा अर्ज कोणी केला की सरकार त्याच्या घरी येऊन काय काय विचारतं, हा तिचा विषय. जयपुरात कोणी मराठी बोलत दारात आलं, म्हणून देवरामांनी तिला घरात घेतलं होतं.

"साध्या कपड्यांत होता," ते म्हणाले. "चांगलं बोलला. म्हणाला, बाबूजी, आपकी बेटी लिखती है कि वो लड़का है. आप बाप हो, आप बता दो. नहीं तो मोहल्ले में पूछना पड़ेगा."

"मग?"

"मोहल्ला म्हटल्यावर मी घाबरलो. म्हटलं, लड़की है साहब, किसी की बातों में आ गई है. चहा घेऊन गेला तो."

"राजरत्न घरी होता?"

हे नाव पोराने स्वतः घेतलेलं. देवरामांनी ठेवलेलं नाव गौतमी.

"आतल्या खोलीत होतं पोर. सगळं ऐकलं."

अर्ज नामंजूर झाला, ओळखीचं कार्ड मिळालं नाही. दवाखान्यात डॉक्टरांनी सांगितलं, आधी ते सरकारी कार्ड आणा, मग शरीरबदलाचे उपचार. पोर पुन्हा पुन्हा जाऊन हात हलवत परत आलं. मग एक दिवस बॅग भरून घराबाहेर पडलं आणि फोन नंबरही बदलून टाकला.

"मला कोणी विचारलंच नाही," स्वयंपाकघराच्या दारातून देवरामांच्या पत्नी सुलोचनाबाई म्हणाल्या. "मी सांगितलं असतं."

भार्गवीने त्यांच्याकडे पाहिलं, पण त्या आत निघून गेल्या होत्या.

"लहानपणी ते 'मी आलो' म्हणायचं," देवराम हळू आवाजात म्हणाले. "मला वाटायचं, हिंदी शाळेतलं पोर, मराठी कच्चं. दर वेळी सुधारायचो. आलो नाही बेटा, आले म्हण. मान हलवायचं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा आलोच. मतलब, ते सांगत होतं. मी व्याकरण शिकवत बसलो."

देवरामांनी खुर्ची टेबलाजवळ ओढली.

"ताई, आता लिहा," ते म्हणाले. "तो मुलगाच आहे माझा. त्या दिवशीही होता. हे सरकारकडे पाठवाल ना?"

"हे सरकारकडे जात नाही, काका. माझ्या पुस्तकात येईल."

"पुस्तकात तर पुस्तकात. माझं नाव, त्याचं नाव, सगळं लिहा."

"नावं बदलावी लागतात. तसा नियमच आहे. शहरही लिहिणार नाही," भार्गवी त्यांना धीर देत म्हणाली. "तुम्ही काळजी करू नका. वाचून कोणालाच कळणार नाही की हे तुमचं घर."

देवराम टेबलावरच्या तिच्या फोनकडे बघत राहिले. रेकॉर्डिंग अजून चालू होतं.

"मग त्याला कसं कळेल?" त्यांनी विचारलं.