पाणवठ्यावरचा म्हातारा

"पण शाकाहारी जेवण मिळेल ना?" दीनानाथने टीव्हीकडे तोंड करून विचारलं आणि सुबोधच्या सिंगापुरातल्या, बिशान भागातल्या फ्लॅटमध्ये हशा पिकला.

शिकारीला निघालेला माणूस जेवणात भाजी मिळेल का म्हणून चौकशी करतोय! पडद्यावर, तिकडे नामिबियात, हिल्डाबाईही हसल्या. साठी उलटलेल्या, उन्हाने रापलेल्या हिल्डाबाई तिथल्या एका शिकारीच्या रानाच्या मालकीण, आणि पाहुण्यांना शिकारीला नेणाऱ्याही त्याच. सिंगापुरात रविवारची भर दुपार होती, तिकडे नुकतं उजाडत होतं. पाणवठ्याकाठच्या आडोशात बसून त्या व्हिडिओ कॉलवर बोलत होत्या.

"मिळेल की," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "भोपळे भरपूर पिकतात आमच्याकडे. बंदुकाही इथल्याच वापरा. बूट मात्र तुमचे आणा, आणि ते आत्तापासून घालून फिरा."

सुबोध, दीनानाथ आणि विक्रांत या तिघा मित्रांचं सप्टेंबरच्या सुट्टीत जायचं ठरलं होतं. सगळ्यांचीच आफ्रिकेची पहिली खेप. बेत सुबोधचा, क्लबात नेमबाजी करून करून त्याला कागदाच्या चकत्यांचा कंटाळा आला होता. विक्रांतला शिंगं हवी होती. ती टांगायला बुओना व्हिस्टा भागातल्या आपल्या कॉन्डोतली भिंतही त्याने हेरून ठेवली होती. सुबोधच्या बायकोला, शुभदाला, हे सगळं मुळातच पसंत नव्हतं. ती मघापासून स्वयंपाकघरात भांडी जरा जास्तच वाजवत होती.

"सगळ्यात मोठी शिंगं कुठल्या जनावराची असतात?" विक्रांतने विचारलं.

हिल्डाबाईंनी ओठांवर बोट ठेवलं आणि फोन हळूच वळवला.

काटेरी झुडपांतून एक जनावर बाहेर येत होतं. राखाडी, घोड्याएवढं उंच, अंगावर खडूने ओढावेत तसे बारीक पांढरे पट्टे. डोक्यावरची शिंगं पिळे घेत घेत अशी वर गेली होती, की बघणाऱ्याची मान आपोआप वर व्हावी.

"कुडू. आमच्याकडचं हरीण," हिल्डाबाई कुजबुजल्या. "म्हातारा आहे."

हॉलमध्ये कुणी हललं नाही. सुबोधची शाळकरी मुलगी जाई दबक्या आवाजात, सिंगापुरी ढंगाने शेवटी 'ला' जोडत म्हणाली, "पापा, फॅन ऑफ कर ला. त्याला ऐकू येईल."

सुबोधने आपल्या बाजूचा माइक बंद केला. मध्ये अख्खा महासागर होता. तरी त्याने उठून पंखाही बंद केला. शुभदाने कुकरखालचा गॅस घालवला आणि ती दारातच थबकली.

कुडू चार पावलं टाकी, थांबे, कान फिरवी, पुन्हा निघे. सुबोधने शिकारीचे व्हिडिओ पुष्कळ पाहिले होते. त्यांत जनावर एकतर उभं असे, नाहीतर पडलेलं. हे असं चालत येणं त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

पाणी आटून खोल गेलं होतं. काठावर येऊन म्हाताऱ्याने पुढचे पाय दुमडले, गुडघे चिखलात टेकले आणि तो पाणी प्यायला. खूप वेळ प्यायला. एकेक घोट गळ्यातून उतरताना दिसत होता.

मग तो उठायला गेला आणि त्याला उठता येईना.

एक गुडघा सुटला, घसरला, पुन्हा रुतला. शिंगांच्या भाराने मान खाली गेली. पाण्याला नाक लागलं.

"ऊठ," सुबोध पुटपुटला.

"ऊठ रे बाबा," दीनानाथ म्हणाला. विक्रांत खुर्चीच्या कडेला सरकून मुठी आवळून बसला होता. "ऊठ, ऊठ, ऊठ..."

म्हाताऱ्याने अंग मागे ओढलं, सगळ्या देहाला एक हिसका दिला आणि तो उभा राहिला. दाढीतून पाणी निथळत होतं. त्याच वेळी सूर्य वर आला, शिंगांच्या टोकांना ऊन लागलं, आणि त्याने मान वळवून थेट त्यांच्याकडे पाहिलं. आपण कुणाच्या तरी देवघरात चपला घालून शिरलोय असं सुबोधला वाटलं. त्याला नजर खाली घ्यायची होती, पण घेववेना.

मग तो सावकाश झुडपांत शिरला.

हिल्डाबाईंचा चेहरा पुन्हा पडद्यावर आला तेव्हा सुबोधला माइक सुरू करायची आठवण झाली.

"पुढचा पाऊस काही तो बघायचा नाही," त्या म्हणाल्या. "एक दिवस असाच चिखलात बसेल, आणि उठायच्या आत तरसं त्याला खायला लागतील, जिवंतपणी. पहिल्यांदा येणाऱ्यांना मी एकच जनावर देते, आणि ते मी निवडते. तुमच्यासाठी हाच राखून ठेवलाय. गोळी मात्र एकाच माणसाची, आणि नेम पक्का हवा. कोण?"

विक्रांत आपल्या तळहातांकडे बघत राहिला. दीनानाथने चष्मा काढून पुसायला घेतला.

सुबोधने हात वर केला. वर्गात पोरं करतात तसा.

"तू?" शुभदा दारातून म्हणाली. "आत्ता तूच 'ऊठ, ऊठ' म्हणत होतास ना रे?"

"म्हणूनच," सुबोध म्हणाला.

शुभदा त्याच्याकडे बघत राहिली. मग येऊन त्याच्या शेजारी बसली.

हिल्डाबाईंनी मान डोलावली आणि फोन पुन्हा पाणवठ्याकडे वळवला. तिथे आता कुणी नव्हतं. काठावरच्या चिखलात गुडघ्यांचे दोन खळगे उमटले होते, आणि त्यांत हळूहळू पाणी भरत होतं.