सुरुवातीपुरती वीज

धरणाच्या पायथ्याचं चाळीस वर्षांचं छोटं वीजकेंद्र बंद करण्याचा अहवाल लिहायला वीज कंपनीच्या हिंजवडीच्या ऑफिसातून कादंबरी स्कूटरवर आली होती. तेवढ्यात शहराची वीज गेली आणि कर्वेनगरला पाणी चढवणारे पंप थांबले. ऑपरेटर सबनीसांनी पाणी सोडलं, टर्बाइन फिरलं, पण वीज तयार होईना. "सुरुवातीला मशीनला बाहेरून थोडी वीज द्यावी लागते," ते म्हणाले. "आमच्या बॅटऱ्या गेल्यात. नव्या तीन वर्षं तुमच्या फायलीत अडकल्यात. तुमच्या स्कूटरची काढू?" कादंबरीनं किल्ली दिली. सबनीसांनी बॅटरीच्या दोन वायरी थोडा वेळ मशीनला टेकवल्या, वीज तयार झाली, पंप चालू झाले, मीटरचा काटा बाराशे किलोवॅटवर चढला. बॅटरी परत बसवून तिनं बटण दाबलं. स्कूटर गप्पच; बॅटरी उतरली होती. "किक मारा," सबनीस म्हणाले. पहिल्याच किकला ती सुरू झाली. "बटण आलं, तरी स्कूटरवाल्यांनी किक काढली नाही. तेवढं अहवालात लिहा."